कापलं की हळद दाबायची, का नाही? (कैरी, विळी आणि तीन टाके)

विळीवाली (सांगली) | सोमवार, रात्री ९.५०

डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतेय, शुद्धलेखन माफ करा.

परवा घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. डाळीला आणि पन्ह्याला मिळून दोन किलो कैऱ्या. विळीवर बसून बाठेपासून फोडी सोडवत होते. बाठ अर्धवट कठीण झालेली, पातं तिच्यावरून घसरलं ते थेट उजव्या अंगठ्यात. आधी नुसती पांढरी रेघ दिसली. रक्तच नाही. वाटलं, वाचले. मग ती रेघ भरून आली.

आई (सासूबाई) देवघरातून उठून आल्या, हातात हळदीकुंकवाचा करंडा. चिमूट वगैरे नाही, अख्खा हळदीचा खण माझ्या अंगठ्यावर उपडा केला आणि जुन्या सुती पातळाची चिंधी करकचून बांधली. रक्त थांबलं. कार्यक्रम पार पडला. माझ्या उजव्या हाताला चिंधी आणि डाव्या हातानं कुंकू कसं लावणार, म्हणून नणंदेनं लावलं.

दुपारी दोनला कापलेलं, रात्री नऊला चिंधी सोडायला गेले तर आत हळद आणि रक्ताचा भाकरीसारखा पापुद्रा. ओढला तर परत धार. मग दवाखाना. डॉक्टर पंधरा मिनिटं ती हळद धूत आणि उकरत बसले. साबणाचं पाणी लागलं तशी हळद लालभडक झाली, मी ओरडलेच की रक्त सुटलं म्हणून. ते म्हणाले, "रक्त नाही, हळदीला साबण लागला, कुंकू झालं." मग मात्र त्यांचं हसणं संपलं. म्हणाले, कडा लाल झाल्यात का, आत किती खोल गेलंय, काहीच दिसू देत नाही ही हळद. अजून उशीर केला असता तर टाके घालायचे का नाही, हाच विचार करावा लागला असता. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि वर एक भाषण.

घरी येऊन सांगितलं तर आईंचा चेहरा उतरला. "आम्ही जन्मभर हळदच लावली. कोण मेलं?" याला माझ्याकडं उत्तर नाही. मीही लहानपणापासून हळदच लावत आले. तुमच्याकडं काय लावतात? खरंच गुण येतो का? आणि कोणाला त्रास झालाय का?

---

कृष्णाकाठ (औदुंबर) | सोमवार, रात्री १०.१५

आईंना बोलू नका हो काही. रक्त थांबलं ना.

आमच्याकडं हळद, नाहीतर चहाची पावडर. वडील दाढीला कापलं की तुरटी फिरवायचे. चुलत्यांचा भरवसा कापूस जाळून केलेल्या राखेवर. आज्जी माळ्यावरची कोळिष्टकं काढून लावायची, त्यात निदान माळा तरी साफ व्हायचा.

---

टोमणा_मास्तर | सोमवार, रात्री १०.२२

"कोण मेलं?" हा प्रश्न जे मेले त्यांना विचारायची सोय नाही, हीच तर अडचण आहे.

(हलके घ्या.)

---

अडत्या (सांगली, मार्केट यार्ड) | सोमवार, रात्री ११.०५

ताई, मी हळदीच्या धंद्यात. वडिलांच्या आधीपासून अडत आहे. आता जे लिहितोय ते वाचून आमच्या लाइनीतले लोक मला शिव्या घालतील, पण लिहितो.

तुमच्या जखमेत गेलेली हळद कुठनं आली ते बघा. शेतकरी कंद काढतो, शिजवतो, मग दहा-पंधरा दिवस उघड्या रानात वाळत टाकतो. त्यावरनं कोंबड्या जातात, कुत्री जातात, आम्हीपण चपला घालून जातो. मग ड्रममध्ये पॉलिश. शेवटच्या फेऱ्याला हळदीचंच पाणी मारून रंग चढवतात. मग पोतं, ट्रक, अडतीची फरशी, सौदा, परत पोतं. पूर्वी हरिपुरात जमिनीखाली पेवं होती. त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची, कारण आत हवाच नसायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं आणि मग ते बंदच पडत गेलं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्याचा मला अभिमान आहे. आमटीला आमच्या हळदीसारखी हळद नाही. पण जीआय आमटीसाठी आहे, टाक्यांसाठी नाही.

त्यात तुमची होती करंड्यातली. पूजेची हळद वेगळी असते. त्या पुडीवर बारीक अक्षरात "खाण्यासाठी नाही" असं असतं, कधी बघितलंय? स्टार्च असतो, रंग असतो. सुट्या भेसळीच्या हळदीत लेड क्रोमेटसुद्धा सापडलेलं आहे, म्हणजे शिसं. ते भाजीत नको म्हणता, मग उघड्या मांसात कशाला?

आमचे हमाल हाताला हूक लागला की खाली फरशीवर सांडलेली हळद उचलून दाबायचे. लहान असताना मला ते फार भारी वाटायचं, की बघा औषध पायाखाली पडलंय. नंतर एका हमालाचा तळहात सुजून दुधी भोपळ्यागत झाला. चीर दिली तेव्हा आतनं पू निघाला, आणि पिवळा निघाला. पूच पिवळा का हळद पिवळी ते डॉक्टरलाही कळेना. महिनाभर घरी बसला. त्या दिवसापासनं अडतीत डेटॉल, कापूस आणि पट्ट्या ठेवतोय.

---

विळीवाली | सोमवार, रात्री ११.२०

अडत्या दादा, आत्ता उठून करंड्याची पुडी शोधली. आहे. "केवळ पूजेसाठी." आईंना अजून दाखवली नाही.

---

रानवाट (पाटण) | मंगळवार, सकाळी ६.४०

हळदीचं राहू द्या, ती किराण्यातली बया. आमच्याकडं रानात कापलं तर हळद आणणार कोण? दगडी पाला!

बांधावर, भिंतीच्या फटीत, रस्त्याकडंला सगळीकडं असतो. जमिनीसरशी पसरतो, पानं खरखरीत, कडंला दाते, आणि मधनंच एक लांबलचक देठ वर येऊन टोकाला एवढंसं पिवळं-पांढरं फूल. म्हणून काहीजण एकदांडी म्हणतात. चार-पाच पानं तळहातावर चोळायची, हिरवा रस सुटला की जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबून धरायचा. झणझणतं. मग रक्त थांबतं. मी स्वतः खुरप्यानं, विळ्यानं, एकदा तर कुऱ्हाडीनं कापून घेतलंय. नडगीवर वण आहे बोटभर. दगडी पाल्यानंच बरं झालं. ही आपली पूर्वजांची विद्या आहे, ऋषिमुनींनी रानात राहून शोधलेली.

---

तळटीप (सातारा) | मंगळवार, सकाळी ९.१०

रानवाट, गुण असेल, वाद घालत नाही. दगडी पाल्यावर प्राण्यांवरचे प्रयोग झालेत आणि जखम भरण्यावर परिणाम दिसलाही आहे. पण ऋषिमुनींना जरा सोडा. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. चरक-सुश्रुतांनी तिचं तोंडही पाहिलेलं नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, जिचा पाला निम्मा सातारा जखमेवर चोळतो, तीही तिकडचीच. दसऱ्याचा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा.

मला उलट यातच गंमत वाटते. परक्या मुलखातलं तण बांधावर येऊन पडलं आणि दोनचारशे वर्षांत कुठल्यातरी गुराख्यानं चोळून बघितलं. पोथी नाही, काही नाही. एवढं करून ते "आज्जीचं औषध" झालं.

घाणेरी मात्र जपून. गुरांनी खाल्ली तर त्यांचं यकृत जातं.

---

रानवाट | मंगळवार, सकाळी ९.३५

बरं बाबा. अमेरिकेचा पाला. पण नडगी माझीच हाय.

---

स्वदेशी_बाणा | मंगळवार, सकाळी ११.००

इथं सगळे हळदीवर तुटून पडलेत. अमेरिकेनं जखमेवरच्या हळदीचं पेटंट घेतलं होतं, हे विसरलात काय? माशेलकर सरांनी लढून ते परत आणलं. काही गुण असल्याशिवाय अमेरिका पेटंट घेईल? आणि आपण एका गल्लीतल्या डॉक्टरचं ऐकून आईला दोष देणार!

---

तळटीप | मंगळवार, दुपारी १२.१५

या गोष्टीची दरवेळी अर्धीच बाजू सांगितली जाते.

१९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम भरण्याबद्दल पेटंट मिळालं. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं, हरकत घेतली, माशेलकर तेव्हा तिथं महासंचालक. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले उल्लेख गोळा करून दिले, त्यात १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

पण रद्द कशावर झालं? "हे नवीन नाही" एवढ्यावर. आपण सिद्ध केलं ते हे की आपल्या आज्ज्या फार पूर्वीपासून हळद लावतात. तिनं जखम किती बरी होते हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. लढाई मोठी होती आणि जिंकलो याचा मलाही आनंद आहे. फक्त तिला जंतुनाशकाचं सर्टिफिकेट समजू नका.

शिवाय प्रयोगशाळेत वापरतात ते बहुतेकदा हळदीतून वेगळं काढलेलं कर्क्युमिन. साध्या हळदीत ते शंभर भागांत दोन ते पाच भाग. उरलेलं पिष्ट, तंतू आणि अडत्या दादांच्या कोंबड्या.

---

अडत्या | मंगळवार, दुपारी १२.४०

कोंबड्या आमच्या नाहीत ओ, शेतकऱ्याच्या.

---

काढा_आणि_लेप (वाई) | मंगळवार, दुपारी ३.३०

मी वैद्य आहे. दोन्ही बाजूंनी आयुर्वेदाचं नाव घेऊन चाललंय म्हणून लिहितो.

सुश्रुतानं जखमेचे साठ उपक्रम सांगितलेत, साठ. त्यात धुणं आहे, बांधणं आहे, शिवणंही आहे. ताज्या जखमेचा तर वेगळा अध्याय आहे. आणि टाके घालण्याबद्दल बोलताना तो स्पष्ट सांगतो की आत धूळ, केस, नख, हाडाचा सुटा तुकडा राहिला तर जखम पिकते. ते आधी काढा, मग शिवा. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटं हळद उकरली ती सुश्रुताच्याच शिस्तीत.

हळद आम्ही वापरतो. पण तेलात सिद्ध करून, काढ्यात, लेपात. करंडा उपडा करणं हा त्या साठांपैकी एकही नव्हे. जात्यादी तेलसुद्धा लोक आजकाल मेडिकलमधून परस्पर आणतात आणि रक्त वाहत असताना ओततात. त्यात मोरचूद असतं. ते रेंगाळलेल्या जखमेचं औषध आहे, भळभळणाऱ्या नाही.

कोरफड चटका बसला तर लावा. कापलेल्या खोल जखमेत तिचा गर कोंबू नका. बिब्याबद्दल तर बोलूच नका. भेगांना बिबा घालून पाय भाजून आलेली माणसं मी दर उन्हाळ्यात बघतो.

---

मांघरवाट (महाबळेश्वर तालुका) | मंगळवार, सायं. ५.०५

मधाचं कोणी बोलेना? आमच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. आमच्याकडं जखमेला, भाजल्याला मधच. माशी बसत नाही, चिघळत नाही.

(माशी बसत नाही हे मी लिहिलं खरं, पण मुंगळे येतात.)

---

छाटणी (तासगाव) | मंगळवार, रात्री ८.२०

द्राक्षबागेत कात्रीनं बोट कापणं म्हणजे हजेरी लावल्यासारखं आहे. सध्या खरड छाटणी चालू आहे, माझ्या डाव्या हाताच्या पाचपैकी तीन बोटांना निळी चिकटपट्टी आहे, इलेक्ट्रिशियनची. पट्टीखाली काय लावलं? काही नाही. पाण्यानं धुतलं, दाबून धरलं, रुमालाचा तुकडा ठेवला, वर टेप. घाम येतो, दर दोन तासांनी बदलतो. गेली दहा वर्षं हेच, आणि बोटं दहाच्या दहा आहेत.

एक सांगतो, बागायतदारांनी लक्षात ठेवा. ऑक्टोबर छाटणीला वेलीचे डोळे (कोंब) फुटायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. ती कापलेल्या बोटात गेली तर आग आग होते. तेव्हा हळद नको, चुना नको, काही चोळू नका. सरळ ड्रिपची नळी उपसायची आणि वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, भरपूर वेळ. आणि त्या दिवशी संध्याकाळी "बसायचं" पण नाही, त्या औषधाचं आणि दारूचं अजिबात पटत नाही. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचत कोण नाही.

---

फडावरची_बाई (कराड) | मंगळवार, रात्री १०.४५

मी ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवायला काही वर्षं फडावर जात होते. धागा वाचून हात राहवेना.

उसाची पात हीच मुळात करवत असते. तोडणाऱ्या बायकांच्या हातांवर, मानेवर, गालावर बारीक बारीक रेघा. त्याला कोणी जखम म्हणतच नाही, ती मोजायची कुठून? जखम म्हणजे कोयता. ऊस खाली वाकून बुडख्याशी तोडतात, त्यामुळं कोयता सुटला तर नडगीवर नाहीतर पावलावर.

एकदा मी समोर होते. पहाटे साडेपाच, धुकं, बॅटरीच्या उजेडात तोड चालू. एक बाई खाली बसली, आवाज नाही. नवऱ्यानं तोंडातली तंबाखू काढून तिच्या पायात भरली, तिच्या पदराची पट्टी फाडली, बांधली. पाच मिनिटांत ती परत उभी. मी म्हटलं, चला कराडला, मी गाडीवर नेते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, खाडा धरत्यात." फडावर नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. त्यातलं एक माणूस बसलं की अख्ख्या कोयत्याचा दिवस जातो. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते.

तिला तंबाखूचे गुणधर्म माहीत नव्हते असं नाही. तिला दवाखाना परवडत नव्हता, आणि पैसे हे त्यातलं शेवटचं कारण होतं. मी दुसऱ्या दिवशी बाटलीभर उकळलेलं पाणी, गॉज आणि पट्ट्या घेऊन गेले. तंबाखू काढताना ती पहिल्यांदा रडली.

घरगुती उपाय घरगुती उपाय म्हणताना मला हे घर आठवतं. चार काठ्या आणि पाचटाचं.

---

विळीवाली | मंगळवार, रात्री ११.१०

तिचा पाय?

---

फडावरची_बाई | मंगळवार, रात्री ११.१८

भरला. दोन महिने लागले. धनुर्वाताचं इंजेक्शन तिला नुकत्याच झालेल्या बाळंतपणात मिळालेलं होतं, त्यानं वाचली असं नंतर नर्स म्हणाली.

---

पुराचं_पाणी (सांगलीवाडी) | बुधवार, सकाळी ७.३०

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर होतं. घर साफ करताना पत्र्यानं पोटरी कापली. मी शहाणपणा करून घरातली उरलीसुरली हळद लावली आणि परत त्याच चिखलात उतरलो. चार दिवसांनी ताप. लेप्टोचा (उंदराच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यातून होणारा ताप) संशय घेऊन गोळ्या सुरू केल्या तेव्हा उतरला. पुराच्या पाण्यात जखम घेऊन उतरू नका, एवढंच.

---

ओपीडी_नंबर_१ (सातारा जिल्हा) | बुधवार, दुपारी २.५०

सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. ओपीडी संपली, जेवता जेवता लिहितेय, लांबलं तर सहन करा.

विळीवाली ताई, तुमच्या सासूबाईंनी दोन गोष्टी केल्या. हळद घातली आणि चिंधी करकचून बांधली. रक्त चिंधीनं थांबलं. श्रेय हळदीला गेलं. तंबाखू, राख, चहा पावडर, कोळ्याचं जाळं, सगळीकडं हाच हिशोब आहे: वर दाबतो तो हात काम करतो आणि खाली असतं त्याचं नाव होतं. दगडी पाल्यात थोडा स्वतःचा गुण असेलही, पण रानवाट स्वतःच लिहितात, "चोथा दाबून धरायचा".

म्हणून आधी दाबा. स्वच्छ फडकं, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला उचलून "थांबलं का" बघायचं नाही. तेवढ्यात धरलेली गुठळी परत सुटते. हात छातीच्या वर धरा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर वीस मिनिटं लागतील. मग धुवा. पिण्याचं नळाचं पाणी चालतं, सलाईनच पाहिजे असं नाही. वाहत्या धारेखाली, पाच मिनिटं तरी. साबण कडेनं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेच्या आत ओतू नका. फसफसलं की लोकांना बरं वाटतं, पण त्यात नव्यानं येणारी पेशीही मरते. आणि "उघडी ठेवा, वारं लागू द्या, खपली धरू द्या" हेही जुनं झालं. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं १९६२ साली डुकरांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. साधं व्हॅसलिन पातळसं आणि वर पट्टी, रोज बदलायची. यात आयुर्वेद-ॲलोपॅथी भांडण कुठंच नाही, वैद्यबुवांनी आधीच सांगितलंय.

मधाचं. निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या दवाखान्यात वापरतात, मधाचा गुण खराच आहे. पण बरणीतला मध निर्जंतुक नसतो. किरकोळ खरचटल्यावर लावला तर मी रागावणार नाही. खोल जखमेत नको. तुरटी दाढीपुरती.

हळदीचं म्हणाल तर मला राग तिच्या जंतूंपेक्षा रंगाचा येतो. जखम चिघळायला लागली हे आम्ही कडेच्या लालीवरून ओळखतो. हळद तीच लपवते.

टाके कधी? कडा आपोआप मिटत नसतील, आत पिवळी चरबी दिसत असेल, दहा-वीस मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा सांध्यावर, चेहऱ्यावर असेल तर. सहा ते आठ तासांच्या आत या. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल तर जखम कितीही एवढीशी दिसो, लगेच. मज्जातंतू आणि स्नायूबंध तिथं अगदी वरच असतात. ताई, तुमच्या अंगठ्याचं टोक कळतंय का? साखर असेल त्यांनी तर पायाला खरचटलं तरी दाखवायचं.

आता माझा आवडता विषय. धनुर्वात गंजानं होत नाही. खिळा गंजलाय म्हणून इंजेक्शन, विळी स्टीलची आहे म्हणून नको, असा हिशोब लोक करतात. जंतू असतात मातीत आणि शेणात, बीजाणूच्या रूपात, वर्षानुवर्षं. गंजका खिळा मातीत पडलेला असतो एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून जखमेत शेण, माती, चुलीची राख भरणं हे सगळ्यात वाईट. लहानपणचे डोस, मग १० आणि १६ व्या वर्षी एकेक, आणि पुढं दर दहा वर्षांनी एक. जखम घाण असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तरीही एक. पूर्वीचं टीटी आता टीडी झालंय, त्यात घटसर्पही असतो. आणि आमच्याकडं ते फुकट मिळतं. बायकांना गरोदरपणात मिळतं. पुरुषांचं सोळाव्या वर्षानंतर राहूनच जातं. रानवाट, कुऱ्हाड लागली तेव्हा घेतलं होतं का?

एक राहिलंच. कुत्रं चावलं तर तिथं मिरचीपूड, चुना, हळद काहीही नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं मोजून, आणि थेट दवाखाना. कितीही ओळखीचं कुत्रं असो.

---

रानवाट | बुधवार, सायं. ६.००

नव्हतं घेतलं. उद्या जातो. मॅडम, दगडी पाला लावायचा का मग?

---

ओपीडी_नंबर_१ | बुधवार, सायं. ६.२५

रानात एकटे असाल, जवळ काहीच नसेल, तर धुतलेला पाला दाबून धरा आणि चालत राहा. आमच्या दिशेनं.

---

टोमणा_मास्तर | बुधवार, सायं. ६.३०

+१. या धाग्यावर मी पहिल्यांदाच गप्प बसतोय.

---

स्वदेशी_बाणा | बुधवार, रात्री ९.१५

ठीक आहे. पण हळदीचं दूध पिण्याला तरी कोणाची हरकत नाही ना?

---

अडत्या | बुधवार, रात्री ९.१७

बिलकुल नाही. भरपूर प्या. भाव पडलेत.

---

विळीवाली | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, दुपारी ४.१०

टाके आज काढले. टोक कळतंय, फक्त थंड पाणी लागलं की झिणझिण्या येतात. डॉक्टर म्हणाले जातील.

करंड्याची पुडी शेवटी आईंना दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचली. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर गॅसवर पातेलं, त्यात त्याच जुन्या पातळाच्या चिंध्या उकळतायत. वाळवल्या, कडक इस्त्री केली, घड्या घालून कंदी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात भरल्या. डब्यावर खडूनं लिहिलंय "अंगठा". मला म्हणाल्या, "तुझे ते धाग्यावरचे डॉक्टर म्हणाले ना, चिंधीनं थांबलं? मग चिंधी माझीच होती."

---

छाटणी | शुक्रवार, सायं. ५.००

बरोबर आहे आईंचं. ताई, कैऱ्यांचं काय झालं?

---

विळीवाली | शुक्रवार, सायं. ५.०५

लोणचं घातलं. फोडी ह्यांनी केल्या, अडकित्त्यावर.